‘माय नेबर टोटोरो’ बघताना थोरल्या बहिणीकडे लक्ष ठेवा

मुलांबरोबर बघायला एखादा शांत, सुंदर सिनेमा सुचव असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून ‘माय नेबर टोटोरो’ हा जपानी अ‍ॅनिमेशन सिनेमा सांगते आणि मग समोरच्याचा प्रश्न येतोच, की त्यात होतं काय? आणि इथे सांगणं अवघड होतं, कारण स्टोरी म्हणून सांगायला गेलं तर दोन बहिणी वडिलांबरोबर गावातल्या जुन्या घरात राहायला येतात, आई हॉस्पिटलमध्ये आहे, शेजारच्या रानात टोटोरो नावाचा एक भला मोठा केसाळ प्राणी राहतो, संपलं. व्हिलन नाही, लढाई नाही, कुणाला धडा शिकवायचा नाहीये, शेवटी कुठला खजिनाबिजिना सापडत नाही. ८६ मिनिटांचा सिनेमा आहे आणि त्यातली पहिली ३० मिनिटं तर टोटोरो दिसतही नाही, नुसतं सामान उतरवणं, घर उघडणं, साफसफाई, आंघोळ, जेवण. तरीही १९८८ साली आलेला हा सिनेमा आज जगभरातली मुलं बघतायत, आणि माझ्या मते त्याचं कारण तो गोड आहे हे नाहीये. गोड सिनेमे भरपूर असतात, पुढच्या महिन्यात आठवतही नाहीत.

माझं म्हणणं असं आहे की हा सिनेमा सात्सुकीचा आहे. पोस्टरवर, खेळण्यांवर, चहाच्या मगवर सगळीकडे तो करडा गोलमटोल टोटोरो, आणि बघणाऱ्यांच्या तोंडी धाकटी मेई, कारण ती चार वर्षांची, हट्टी, धडपडी आणि भयंकर गोंडस आहे. थोरली सात्सुकी मात्र पटकन लक्षात राहत नाही कारण ती शहाणी आहे ना. शहाण्या मुलांचं असंच होतं, घरातही आणि सिनेमातही. मी स्वतः आमच्या घरातली मोठी, त्यामुळे असेल कदाचित, पण मला हा सिनेमा जेवढा तिच्यामुळे लागतो तेवढा टोटोरोमुळे नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी, स्टुडिओ जिब्ली, जो १९८५ मध्ये सुरू झाला. संगीत जो हिसाइशी यांचं. सिनेमाचा काळ १९५० च्या दशकातला आणि जागा म्हणजे टोकियोच्या बाहेर सायतामा प्रांतातला तोकोरोझावा आणि सायामाच्या टेकड्यांचा भाग, जिथे तेव्हा भातशेती होती, गावाला लागून रान होतं आणि रस्ते मातीचे होते. मियाझाकी त्याच भागात राहतात. तिकडच्या लोकांनी १९९० मध्ये टोटोरोच्या नावाने एक निधी सुरू केला, लोकांकडून पैसे गोळा करून त्या टेकड्यांवरची जंगलाची तुकडे तुकडे जमीन विकत घ्यायची म्हणजे तिथे इमारती उभ्या राहणार नाहीत, आणि ते काम अजून चालू आहे. एका कार्टूनच्या नावाने खरी झाडं वाचतात ही गोष्ट मला फार म्हणजे फार आवडते.

आता घर. सिनेमा सुरू होतो तेव्हा छोट्या टेम्पोसारख्या गाडीत सगळा संसार लादलेला आहे, मुली मागे सामानात टेबलाखाली बसल्यात आणि सात्सुकी पुढे वडिलांना कॅरॅमलची गोळी देते. मग घर येतं. पडवीचा एक खांब पार कुजलेला, दोघी तो हलवून बघतात, वरून भुसा पडतो आणि दोघी किंचाळत हसत सुटतात. घर पडायला आलंय ही मोठ्यांची काळजी असते, मुलांना खांब हलतो हाच आनंद. मग न्हाणीघरातला अंधार, त्यातून भर्रकन पळणारे काजळीचे काळे गोळे, माडीवर जायचा जिना शोधण्यासाठी एकेक दार उघडणं. आणि हापसा! पाणी येत नाही म्हणून सात्सुकी आधी ओढ्यावरून बादली भरून आणते, वरून पाणी ओतते, दांडा मारते, आधी गढूळ काहीतरी गुळगुळतं आणि मग एकदम धार लागते. ज्याने कधी हापसा मारलाय त्याला कळेल की हे ज्याने काढलंय त्याने तो दांडा हातात धरलेला आहे, सुरुवातीला दांडा पोकळ जातो आणि पाणी चढलं की जड होतो, तो फरक तिच्या खांद्यात दिसतो. अख्खं शरीर वर उचलून ती दांड्यावर लोंबकळते. चित्रातल्या मुलीला वजन आहे!

सुंदर अ‍ॅनिमेशन म्हणतात ते माझ्यासाठी हे. नुसते रंग चकचकीत असणं किंवा केसाचा केस वेगळा दिसणं यात मला फारसं काही वाटत नाही. इथे सगळं हाताने काढलेलं आहे, पारदर्शक सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ शीटवर, रंगवलेली माणसं आणि त्यामागे रंगवलेली बॅकग्राउंड. त्या बॅकग्राउंडचं काम काझुओ ओगा यांच्याकडे होतं आणि खरं सांगते, कुठेही पॉज करा, फ्रेम करून भिंतीवर लावावं असं चित्र मिळतं. गवत म्हणजे एक हिरवा पट्टा नाही, त्यात रानफुलं आहेत, वाळकी पाती आहेत, पायवाटेवर जिथे लोक चालतात तिथे गवत विरळ झालंय. दुपारचा उजेड वेगळा, सहा वाजताचा वेगळा, पाऊस यायच्या आधीचा करडा उजेड तर अंगावर येतो. माणसांच्या कडा काळ्या रेघेच्या नाहीयेत, तपकिरी आहेत, त्यामुळे ती मागच्या झाडापानांत मिसळून जातात, वर चिकटवल्यासारखी वाटत नाहीत. हे एकदा लक्षात आलं की मग दुसऱ्या कार्टूनमधली जाड काळी रेघ डोळ्यात खुपायला लागते.

आणि हालचाली. मेई जिना चढते ती चार वर्षांच्या मुलीसारखी, हात टेकवत. धावताना हात मागे, पोट पुढे. लहान टोटोरोच्या मागे जाताना ती आधी खाली वाकून, मग चवड्यावर, मग चार पायांवर झुडपातल्या बोगद्यात शिरते आणि तिचं ते दबकणं इतकं खरं आहे की माझी धाकटी भाची सोफ्यावर बसल्या बसल्या तशीच वाकायला लागली. मग मेई त्या प्रचंड कापराच्या झाडाच्या ढोलीत घरंगळत जाते आणि मोठ्या टोटोरोच्या पोटावर जाऊन पडते. नाव काय विचारते, तो जांभई देतो, गुरगुरतो, त्यातूनच ती नाव ठरवून टाकते आणि तिथेच झोपते. भीती नावालाही नाही. लक्षात घ्या, टोटोरो काही गोड गोड वागणारा प्राणी नाहीये. त्याला मोठे दात आहेत, नखं आहेत, तो बोलत नाही, मुलींना जवळ घेऊन कुरवाळत नाही, उपदेश तर अजिबातच नाही. तो आहे तिथे आहे, त्याचं त्याचं चालू आहे. मला वाटतं म्हणूनच मुलांना तो खरा वाटतो.

मेई हे सगळं सांगते तेव्हा बहीण आणि बाबा आधी हसतात, ती चिडते, मी खोटं बोलत नाहीये म्हणून रडवेली होते, आणि बाबा एकही प्रश्न न विचारता म्हणतात की तुला रानाचा राजा भेटला असेल, नशीबवान आहेस, पण दर वेळी भेटेलच असं नाही. मग दोघींना घेऊन त्या झाडापाशी जातात, वाकून नमस्कार करतात, मुलींना सांभाळल्याबद्दल आभार मानतात आणि पुढेही लक्ष असू द्या म्हणतात. आपल्याला हे समजावून सांगायची गरजच पडत नाही, वडाला, पिंपळाला हात जोडणारी माणसं आपल्या घरात आहेत. माझी आई बाजूला भाजी निवडत बसली होती, तिला इंग्रजी सबटायटल वाचायचा कंटाळा, पण या सीनला ती मान वर करून म्हणाली, ‘बरोबर केलं त्यांनी.’

आता सात्सुकी. बाई दहा-बारा वर्षांची आहे. सकाळी उठून मिसो सूप करते, सगळ्यांचे डबे भरते, मासा भाजते, डब्यात भात, त्यावर मधोमध आंबवलेला प्लम, मेईचा डबा वेगळा बांधून देते, बाबा उशिरा उठलेत आणि सॉरी म्हणतायत, मैत्रीण दारात येऊन हाक मारतेय, ही चटाचटा खाऊन पळते. सीन आनंदी आहे, म्युझिक आनंदी आहे, कुणी म्हणत नाही की अरे बिचारी. बघताना आपणही म्हणतो काय गुणाची पोर आहे! आणि तिथेच सिनेमा आपल्याला पकडतो, कारण पुढे हळूहळू कळायला लागतं की या गुणाच्या पोरीचं लहानपण कुठेतरी बाजूला ठेवलं गेलंय.

हॉस्पिटलमधला सीन बघा. तिघं एका सायकलवरून आईला भेटायला जातात. मेई धावत जाऊन आईच्या कुशीत पडते, तिला कोण अडवणार. सात्सुकी जरा अंतर ठेवून उभी, शाळेचं सांगते, घराचं सांगते. मग आई तिचे केस विंचरायला घेते. नुसतं विंचरणं. मेई मध्येच माझे पण माझे पण करते, सात्सुकी तिला थांबवते, रांगेत ये म्हणते, कारण हे दोन मिनिटांचं सुख तिच्या वाट्याचं आहे. आई म्हणते तुझे केस माझ्यासारखेच आहेत, लहानपणी माझेही असेच होते, आणि ही विचारते की मोठी झाल्यावर माझे तुझ्यासारखे होतील का. एवढंच. चेहऱ्यावर लाजल्यासारखं हसू. तिला काय हवंय ते एका कंगव्यात सांगून टाकलंय आणि कुणी रडलं नाही की व्हायोलिन वाजलं नाही.

मियाझाकींच्या स्वतःच्या आईला मणक्याचा टीबी होता, त्यांच्या लहानपणी ती कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. सिनेमात आजाराचं नाव घेतलेलं नाही, पण हॉस्पिटल ज्या टेकडीवर बेतलंय तिथे खरोखरच टीबीचं सॅनेटोरियम होतं. मला वाटतं सिनेमाच्या तळाशी ही जी धाकधूक आहे ना ती त्यामुळेच खोटी वाटत नाही. हळुवार सिनेमा म्हणजे ज्यात काहीच वाईट नाही असा सिनेमा, असं आपण धरून चालतो, आणि मग असले सिनेमे मुलांना बोअर होतात आणि मोठ्यांना झोप येते. इथे सगळ्यात मोठी भीती पहिल्यापासून घरात आहे, आई परत येईल ना. फक्त तिला राक्षसाचं रूप देऊन कुणाला तलवारीने मारायला लावलेलं नाही.

बस स्टॉपचा सीन तर सगळ्यांना माहीत असतो, फोटो पाहिलेला असतो. तो पूर्ण बघणं वेगळं आहे. बाबा छत्री न घेता गेलेत, पाऊस लागलाय, दोघी त्यांची छत्री घेऊन स्टॉपवर थांबतात. बस येते, बाबा नाहीत. अंधार पडायला लागतो. मेई पेंगायला लागते, सात्सुकी तिला पाठुंगळी घेते, छत्री मानेत आणि खांद्यात अडकवते, आणि उभी राहते. मियाझाकी इथे घाई करत नाहीत. पावसाचा आवाज, डबक्यात पडणारे थेंब, एक बेडूक, खांबावरचा दिवा लागतो. म्युझिक बराच वेळ नाहीच. तुम्ही तिच्याबरोबर थांबता, पाठीवरचं वजन तुम्हालाही जाणवायला लागतं. आणि मग छत्रीच्या काठाखालून तिला शेजारी येऊन उभे राहिलेले पाय दिसतात, नखं असलेले, ओले. ती छत्री हळूच वर करते.

टोटोरोच्या डोक्यावर एक पान, पावसापासून वाचायला. ती बाबांची छत्री त्याला देते, कशी धरायची ते दाखवते. पानांवरून मोठे थेंब छत्रीवर टपटप पडतात आणि तो आवाज ऐकून त्याचे डोळे मोठे होतात, अंगावरचे केस उभे राहतात, इतका खूश होतो की एक जोरदार उडी मारतो, जमीन हादरते आणि झाडांवरचं सगळं पाणी धबाधबा खाली येतं. आमच्याकडे इथे दोन्ही भाच्या उठून उड्या मारायला लागल्या, खालच्या मजल्यावरच्या काकूंची क्षमा मागितली पाहिजे. पण मला सांगायचंय ते हे की मेईला टोटोरो दिसला तेव्हा ती खेळत होती, भटकत होती. सात्सुकीला दिसला तो ती जबाबदारी पाठीवर घेऊन अंधारात उभी असताना. तो तिला काही विचारत नाही, तिचं ओझंही घेत नाही, फक्त शेजारी उभा राहतो. आणि मग ते मांजर, जे बसही आहे, डोळ्यांचे हेडलाइट लावून बारा पायांनी धावत येतं, तो आत चढतो आणि जातो. बाबांची बस नंतर येते, आणि तेव्हा ही शहाणी मुलगी पहिल्यांदा लहान मुलीसारखी बडबडते, भेटला, आम्हाला टोटोरो भेटला म्हणून दोघी बाबांना अक्षरशः लोंबकळतात.

रात्री बी रुजवण्याचा सीनही असाच. टोटोरोने दिलेल्या ओकच्या बिया अंगणात पेरल्यात, उगवतच नाहीत म्हणून मेई रोज उकिडवी बसून बघतेय. मग एका चांदण्या रात्री टोटोरो लोक त्या वाफ्याभोवती येतात, दोघी मच्छरदाणीतून बाहेर पळतात, सगळे मिळून वाकायचं आणि जोर लावून वर उठायचं, वाकायचं आणि वर, आणि मातीतून कोंब टचाटच बाहेर येतात, मग रोपं, मग एकमेकांत गुंतत आभाळाएवढं झाड. बाबा आत कामात आहेत, एकदा मान वर करतात आणि परत लिहायला लागतात. सकाळी झाड नाही, पण कोंब आहेत. मुली नाचतात, स्वप्न होतं पण स्वप्न नव्हतं म्हणत. कुणी समजावत बसत नाही की हे खरं की कल्पना. मला हा विश्वास फार मोठा वाटतो, प्रेक्षकातल्या लहान मुलावर टाकलेला विश्वास.

इथून पुढे शेवटचा भाग सांगतेय, ज्यांना आधी बघायचाय त्यांनी पुढचे दोन पॅरा सोडा. आई शनिवारी घरी येणार असं ठरलेलं असतं. दोघी शेजारच्या आजींच्या मळ्यात काकड्या, टोमॅटो, मक्याची कणसं तोडतायत, ओढ्याच्या पाण्यात गार केलेली काकडी कराकरा खातायत, मेईने आईसाठी एक कणीस बाजूला काढलंय. तेवढ्यात हॉस्पिटलची तार येते. बाबा शहरात. सात्सुकी धावत शेजाऱ्यांच्या घरी फोन करायला जाते, त्या जुन्या भिंतीवरच्या फोनवर, ट्रंक कॉल लागायची वाट बघत. आईला बरं नाही, येणं पुढे ढकललंय. मेई हट्ट करते आणि सात्सुकी तिच्यावर ओरडते, मग आई मेली तरी चालेल का तुला, म्हणते, मूर्ख कुठली म्हणते आणि निघून जाते. पुढे आजी धीर द्यायला येतात आणि ती शहाणी, समजूतदार, डबे भरणारी मुलगी तोंड वर करून भोकाड पसरते. आई मेली तर काय करू म्हणून. अख्ख्या सिनेमात दाबून ठेवलेलं सगळं बाहेर येतं. आणि मेई लांबून बघते. तिने ताईला असं रडताना कधी पाहिलेलंच नाही. मेई हरवते ती हट्टामुळे असं लोक म्हणतात, मला नाही वाटत, ताई रडली म्हणजे आता काहीतरी आपणच केलं पाहिजे असं त्या चार वर्षांच्या जिवाला वाटतं, म्हणून ती कणीस कवटाळून एकटी हॉस्पिटलला निघते.

माझी मोठी भाची, नऊ वर्षांची, इथे एकदम गप्प झाली. तिने विचारलं, ‘मावशी, मेईला सगळे शोधतायत, पण सात्सुकीबरोबर कोण आहे?’ मला त्यावर उत्तर देता येईना, पण सिनेमाला येतं. गावकरी तळ्यात बांबू घालून शोधतायत, एक छोटी चप्पल सापडलीय, सात्सुकी अनवाणी धावून धावून थकलीय, मेईची नाहीये म्हणते तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि मग ती रानात टोटोरोकडे जाते आणि पहिल्यांदा, पूर्ण सिनेमात पहिल्यांदा, कुणाकडे तरी मदत मागते. तो तिच्यासाठी मांजरबस बोलवतो, बसची पाटी फिरत फिरत ‘मेई’वर येऊन थांबते. पुढे हॉस्पिटलच्या खिडकीबाहेरच्या झाडावर दोघी बसल्यात आणि आत आई बाबांना म्हणते की पोरींना फार ताण दिला आपण, सात्सुकी समजूतदार आहे म्हणून तिचं जास्तच वाईट वाटतं. हे वाक्य इतकं सहज येऊन जातं की सबटायटल वाचताना नजर चुकली तर निसटेल. माझ्यासाठी सगळा सिनेमा त्या वाक्यात आहे, की मोठ्या मुलीचं कुणाला तरी दिसलं.

न पटणाऱ्या गोष्टी आहेत का? आहेत. एवढ्या मोठ्या गोंधळानंतर आईला नुसती सर्दी झाली होती हे ऐकून माझ्या नवऱ्याला शेवट फारच सोपा वाटला, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, शेवटची १० मिनिटं खरंच भरभर आवरल्यासारखी आहेत. बाबा मला मनापासून आवडतात, पण माणूस कामात इतका बुडालेला असतो की चार वर्षांची पोर रानात जाऊन येते तरी पत्ता नाही. त्या काळी गावात पोरं अशीच वाढायची हे खरं, तरीही आजच्या आईबापांना धडधडणार. सुरुवातीला बाबा आणि मुली एकत्र हौदात आंघोळ करतात तो सीन आहे, जपानी घरांत ही अगदी साधी नेहमीची गोष्ट आहे, मुलांनी विचारलं तर तसंच सांगा. आणि वेग. ज्या मुलांना दर दोन मिनिटांनी काहीतरी फुटायची, आदळायची सवय आहे ती पहिली २० मिनिटं चुळबुळ करतील. रेटू नका, पण लगेच बंदही करू नका. काजळीचे गोळे आले की बहुतेक सगळी मुलं थांबतात.

कुठे बघायचा? फेब्रुवारी २०२० पासून जिब्लीचे सिनेमे अमेरिका, कॅनडा आणि जपान सोडून बाकीच्या देशांत नेटफ्लिक्सवर आले, आम्ही तिथेच पाहिला. मी तरी जपानी ऑडिओच लावा म्हणेन, मेईचा आवाज आणि ती हाका मारते ती पद्धत फार गोड आहे, आणि बाबांचा आवाज शिगेसातो इतोई यांचा, जे मुळात जाहिरातींच्या ओळी लिहिणारे लेखक, व्यवसायाने नट नाहीत, त्यामुळे बाबा खरंच कुणाचे तरी बाबा वाटतात, किंचित अवघडलेले. छोटी मुलं सबटायटल वाचू शकत नसतील तर तुम्ही शेजारी बसून मराठीत सांगत राहा, संवाद इतके कमी आणि साधे आहेत की सहज जमतं, मी तसंच केलं. इंग्रजी डबही आहे, त्यात दोन बहिणींचे आवाज डकोटा आणि एल फॅनिंग या खऱ्या बहिणींचे आहेत, तोही चांगला झालाय. फक्त एक करा, क्रेडिट्स सुरू झाल्यावर स्क्रीन लहान होऊन पुढचं काहीतरी लागायला बघतं ते थांबवा. आई टॅक्सीतून घरी येते, मुलींना कुशीत घेऊन पुस्तक वाचते, हे सगळं त्या क्रेडिट्सच्या चित्रांत आहे आणि ते बघितल्याशिवाय थोरल्या मुलांना झोप लागणार नाही.

वयाचं म्हणाल तर चार-पाच वर्षांपासून पुढे कुणीही. घरात कुणी आजारी असेल, कुणाची आई किंवा आजी हॉस्पिटलमध्ये असेल तर आधी तुम्ही एकटे बघा आणि ठरवा. काही मुलांना याने खूप बरं वाटेल, काहींना नाही. शेवटी मियाझाकींचंच म्हणणं आहे की मुलांनी हा सिनेमा परत परत लावून बसण्यापेक्षा बाहेर जाऊन खेळावं. ते मी आमच्याकडे सांगितलं, तर धाकटी लगेच सोसायटीच्या बागेत बिया शोधायला निघाली.

मुलांना आवडलाच तर पुढे ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ लावा, १९८९ चा, १३ वर्षांची मुलगी घर सोडून अनोळखी शहरात राहायला जाते, जरा मोठ्या मुलींना जास्त कळेल. छोट्यांसाठी ‘पोन्यो’, २००८ चा, त्यातला समुद्र हाताने काढलाय यावर विश्वास बसत नाही. जिब्लीच्या बाहेरचं हवं असेल तर आयर्लंडच्या कार्टून सलून स्टुडिओचा ‘साँग ऑफ द सी’, २०१४ चा, त्यातही गमावलेली आई आहे आणि भाऊबहीण आहेत, चित्रांची शैली अगदी वेगळी. आणि एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. टोटोरो जपानमध्ये १९८८ च्या एप्रिलमध्ये लागला तो जिब्लीच्याच ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ बरोबर, एका तिकिटात दोन्ही. तो इसाओ ताकाहाता यांचा, युद्धात अनाथ झालेल्या भावाबहिणीचा सिनेमा आहे, थोर सिनेमा आहे, पण त्याच स्टुडिओचा, त्याच वर्षीचा, त्यातही दोन भावंडं म्हणून लहान मुलांना लावून देऊ नका. तो मोठ्यांनी, एकट्याने, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा बघायचा.